वाग्यू घेताना: ए५च्या पुढे काय पाहायचं

जपानला फिरायला किंवा नोकरीसाठी जाणाऱ्या मांसाहारी मराठी माणसाच्या यादीत हल्ली वाग्यू हे जपानी गोमांस असतंच. तोक्यो, सिंगापूर, दुबईत राहणाऱ्यांच्या घरी एखाद्या वाढदिवसाला ते हौसेने आणलंही जातं. बहुतेक वेळा ही खरेदी एकाच शिक्क्यावर होते: ए५. पाकिटावर ए५ दिसलं की पैसे मोजायचे, जाडजूड तुकडा घरी आणायचा आणि प्रत्येकाच्या ताटात पाव किलो वाढायचा. चार घास झाले की मंडळींचे हात थांबतात, पुढचा घास उतरत नाही. मांसात काही खोट नसते. पण कुठल्या पदार्थासाठी, कुठला भाग आणि किती घ्यायचा, हे कोणी ठरवलेलंच नसतं. एवढी महाग वस्तू अशी वाया जाऊ नये म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हा लेख अर्थातच गोमांस खाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी जपानमध्ये ‘ग्यू’ आणि ‘ग्यूनिकु’ हे गोमांसाचे दोन शब्द कानात ठेवावेत. बटाट्याच्या कोरोक्के पॅटिसमध्ये खिमा असू शकतो आणि करीच्या तयार वड्यांमध्ये गाईची चरबी. आणखी एक गोष्ट खाणाऱ्यांसाठी. भारतात गोमांसाच्या आयातीला बंदी आहे आणि महाराष्ट्रात २०१५पासून गाय, बैल, वळू या सगळ्यांच्याच कत्तलीला. तेव्हा व्हॅक्यूम पॅक केलेलं पाकीट बॅगेत टाकून घरच्यांसाठी आणायचा विचार करू नका. मुंबईच्या किंवा गोव्याच्या मेनूकार्डावर ‘कोबे’ हे वाग्यूचं प्रसिद्ध नाव लिहिलेलं दिसलं, तर ते जपानहून रीतसर आलेलं असणं शक्य नाही, हेही ओघाने आलंच.

‘ए’ कशाचा आणि ‘५’ कशाचे

जपानमध्ये मांसाची प्रत जपान मीट ग्रेडिंग असोसिएशन ठरवते. सध्याची पद्धत १९८८पासूनची आहे. जनावराच्या सहाव्या आणि सातव्या फासळीच्या मध्ये काप देतात आणि परीक्षक ते उघडं मांस पाहतो. ए, बी, सी ही अक्षरं फक्त एवढंच सांगतात की त्या धडातून विकण्याजोगं मांस किती निघेल: ७२ टक्के किंवा अधिक असेल तर ए, ६९ ते ७२ असेल तर बी, त्याखाली सी. घाऊक बाजारात आख्खं धड विकत घेणाऱ्याला याचं महत्त्व आहे. दोनशे ग्रॅम घेणाऱ्या तुम्हा-आम्हाला काडीचंही नाही. बी५ आणि ए५ यांची चव या अक्षराने बदलत नाही. त्यामुळे कुठे बी५ जरा स्वस्त मिळालं तर बिनधास्त घ्या.

आकडा मात्र महत्त्वाचा. तो चार गोष्टींवरून ठरतो: मांसात चरबीचं जाळं किती, मांसाचा रंग आणि चमक, त्याचा घट्टपणा आणि पोत, आणि चरबीचा रंग व तकाकी. चारांपैकी ज्यात सर्वांत कमी गुण, तीच अंतिम प्रत. तीन गोष्टी पाचच्या असल्या आणि रंग चारचा असला, तरी शिक्का चारचाच बसतो. यातल्या चरबीच्या जाळ्यासाठी १ ते १२ अशी वेगळी मोजपट्टी आहे, तिला बीएमएस म्हणतात. ८ ते १२ म्हणजे पाच, ५ ते ७ म्हणजे चार, ३ आणि ४ म्हणजे तीन.

एकाच ए५मध्ये आठही येतं आणि बाराही, आणि खाताना या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. बारामध्ये लाल भाग शोधावा लागतो. म्हणून दुकानात ‘ए५ आहे का’ एवढ्यावर थांबू नका, बीएमएस किती ते विचारा. चांगल्या दुकानदाराला ते माहीत असतं आणि असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्याला आवडतंही.

ए५ दुर्मीळ आहे, हाही गैरसमजच. १९९१मध्ये जपानने बीफच्या आयातीवरची बंधनं उठवली आणि स्वस्त अमेरिकी, ऑस्ट्रेलियन मांस बाजारात आलं. त्याच्याशी किमतीत टक्कर देणं शक्य नव्हतं, म्हणून शेतकऱ्यांनी चरबीच्या जाळ्यावर सगळा भर दिला. पैदाशीची जनावरं निवडताना तेच पाहिलं, आणि खुराकातही अ-जीवनसत्त्व बेताने ठेवलं, कारण ते कमी असलं की जाळं अधिक धरतं. परिणाम असा की आज काळ्या वाग्यू जातीच्या खच्ची केलेल्या नरांपैकी निम्म्याहून जास्त जनावरांना ए५ मिळतं. या शिक्क्यावरून जाळं दाट आहे हे कळतं. चव कशी आहे ते त्यावरून कळत नाही. आता जपानी मंडळींनाही हे जाणवू लागलंय. दर पाच वर्षांनी भरणाऱ्या वाग्यूच्या राष्ट्रीय स्पर्धेत, २०२२ला कागोशिमात, चरबीच्या दर्जासाठी वेगळा गट ठेवला होता.

चरबीचा दर्जा म्हणजे काय? वाग्यूच्या चरबीत ओलेइक आम्लाचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे ती कमी तापमानाला वितळते, जिभेवर ठेवली तरी विरघळू लागते. गरम झाल्यावर तिला एक गोडसर, खोबऱ्याच्या जवळ जाणारा वास सुटतो. जपानी लोक ज्या वासासाठी जीव टाकतात तो हाच. नुसतं जाळं दाट आहे पण चरबी जड आहे, असंही मांस असतं. ते खाल्ल्यावर टाळूला मेणाचा थर बसल्यासारखं वाटतं. बारीक, विखुरलेलं जाळं असलेला तुकडा जाड पट्टे असलेल्या तुकड्यापेक्षा बहुधा सरस निघतो. हे काउंटरवर नुसत्या डोळ्यांनी पाहता येतं, त्यासाठी शिक्का लागत नाही.

वाग्यू कोण आणि ‘कोकुसान’ कोण

जपानमध्ये वाग्यू म्हणून विकता येतात त्या चारच जाती: काळी, तांबडी, आखूड शिंगांची आणि बिनशिंगी, किंवा यांचा आपसातला संकर. जन्म आणि संगोपन दोन्ही जपानमध्ये झालेलं हवं. नव्वद टक्क्यांहून अधिक वाग्यू काळ्या जातीचं असतं. आणि त्या काळ्या जातीची कथा फार विलक्षण आहे. २०१२मध्ये वाग्यू नोंदणी संस्थेने वंशावळी तपासल्या, तेव्हा देशभरातल्या काळ्या जातीच्या पैदाशीच्या ९९.९ टक्के गाईंचं मूळ एकाच वळूपर्यंत पोहोचलं: १९३९मध्ये ह्योगो प्रांतात जन्मलेला ‘ताजिरी’. डोंगरातल्या भातखाचरांत नांगर ओढणाऱ्या जनावरांच्या वंशातला एक वळू, आणि आज सगळा देश त्याची वंशावळ जपतोय.

दुकानात वाग्यूच्या शेजारीच फडताळात ‘कोकुसान-ग्यू’ असं लिहिलेलं पाकीट असतं. अनेक जण ते वाग्यू समजून उचलतात. कोकुसान म्हणजे फक्त देशी, जपानमध्ये वाढलेलं. त्यात दुधाच्या होलस्टीन जातीचे नर येतात, होलस्टीन आणि वाग्यूचा संकर येतो, आणि बाहेरून जिवंत आणून बराच काळ जपानमध्ये पोसलेली जनावरंही येतात. मांस वाईट नसतं, रोजच्या रश्शाला मी तेच सुचवेन. फक्त वाग्यूचा भाव देऊन घेऊ नका. संकराच्या पाकिटावर ‘कोझात्सुशु’ लिहिलेलं असतं.

जपानबाहेर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. १९७०च्या दशकापासून काही वाग्यू जनावरं आणि त्यांचं वीर्य अमेरिकेत गेलं, पुढे ऑस्ट्रेलियातही. तिथे आज ‘वाग्यू’ नावाने विकलं जाणारं बरंचसं मांस अँगस किंवा तत्सम जातींशी केलेल्या संकराचं असतं. ऑस्ट्रेलियन पाकिटावर ‘फुलब्लड’ असेल तर दोन्हीकडून शुद्ध वंश, ‘एफ१’ असेल तर निम्माच. ऑस्ट्रेलियाची जाळ्याची पट्टी ९पर्यंतच जाते, तेव्हा तिथला ९ आणि जपानचा ९ एकच धरू नका. दुबई-सिंगापूरच्या दुकानात ‘वाग्यू’ एवढ्याच शब्दावर न थांबता देश विचारा. जपान असेल तर प्रांत विचारा. हलाल हवं असेल तर तसं प्रमाणपत्र असलेलं जपानी वाग्यूही निर्यात होतं, पण तो शिक्का पाकिटावर दिसायला हवा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

दहा आकडे

मला जपानच्या पद्धतीतली सगळ्यांत आवडणारी गोष्ट ही. २००१मध्ये तिथे मॅड काऊ रोग सापडला, अनेकांनी बीफ खाणंच सोडलं. त्यावर सरकारने २००३मध्ये कायदा केला: देशातल्या प्रत्येक गुराला दहा आकडी ओळख क्रमांक, वासराच्या कानात पिवळा बिल्ला, आणि तोच क्रमांक पुढे पाकिटापर्यंत. सुपरमार्केटात कुठलंही पाकीट उचला, लेबलावर किंमत आणि तारखेच्या आसपास हे दहा आकडे असतात. ते राष्ट्रीय पशुपैदास केंद्राच्या संकेतस्थळावर टाकले की जनावराची जन्मतारीख, नर की मादी, जात, आईचा क्रमांक, कोणत्या प्रांतातून कोणत्या प्रांतात कधी गेलं, आणि कत्तल कुठे, कोणत्या तारखेला झाली, सगळं समोर येतं. इंग्रजीतही येतं. काउंटरपाशी उभं राहून मोबाइलवर दोन मिनिटांचं काम.

यातून काय कळतं? जात काळी आहे की संकर, हे पाकिटावरच्या मजकुराशी पडताळता येतं. वय कळतं: वाग्यू साधारण अठ्ठावीस-तीस महिन्यांचं होईपर्यंत पोसतात, आणि त्याहून जास्त वयाच्या मादीच्या मांसाला बहुधा अधिक खोल चव असते. प्रत मात्र या नोंदीत नसते, ती दुकानदाराला विचारावी लागते. खिमा, जीभ आणि आतडी-काळीज यांना क्रमांकाची सक्ती नाही. कधी अनेक जनावरांचं मांस एकत्र असेल तर एकच लॉट नंबर दिसतो. याकिनिकु (जाळीवर भाजलेलं मांस), शाबु-शाबु (उकळत्या पाण्यात बुडवून खायचे काप), सुकियाकी (सोया-साखरेत शिजवलेले काप) आणि स्टेक हेच मुख्य पदार्थ असलेल्या हॉटेलांनाही हा क्रमांक दाखवणं बंधनकारक आहे. भिंतीवर पाटी किंवा फळा असतो. तो नसेल तर विचारण्यात संकोच कसला?

ही तपासणी निरर्थक नाही. २०१३मध्ये जपानमधल्या नामांकित हॉटेलांनी मेनूत एक लिहून ताटात दुसरं वाढल्याची प्रकरणं बाहेर आली. त्यात स्वस्त मांसात सुयांनी चरबी टोचून केलेला ‘स्टेक’ही होता. असं मांस विकणं बेकायदा नाही, पण ते प्रक्रिया केलेलं म्हणून सांगावं लागतं. त्याचं जाळं सगळीकडे एकसारखं असतं आणि किंमत संशय यावा इतकी कमी असते.

नावांमागचे नियम

कोबे, मात्सुसाका, ओमी, योनेझावा, हिदा, सेंदाई, मियाझाकी. ही नावं ऐकून लोक कुठलं श्रेष्ठ यावर वाद घालतात. वाद घालण्यापेक्षा प्रत्येक नावाची अट पाहिलेली बरी, कारण अटी एकसारख्या नाहीत.

कोबे म्हणजे ह्योगो प्रांतात जन्मलेलं, वाढलेलं आणि तिथेच कापलेलं ताजिमा वंशाचं जनावर, बीएमएस ६ किंवा वर, प्रत ए किंवा बी. म्हणजे कोबे ए४ही असू शकतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. कोबेची निर्यात २०१२मध्ये सुरू झाली. त्याआधी जपानबाहेर ‘कोबे’ म्हणून जे वाढलं गेलं ते कोबे नव्हतं. नोंदणीकृत दुकानात संघटनेने दिलेला बैलाचा छोटा पुतळा ठेवलेला दिसतो, आणि संघटनेच्या संकेतस्थळावर या दुकानांची यादीही आहे.

मात्सुसाका म्हणजे मिए प्रांतातल्या ठरावीक भागात पोसलेली, एकदाही न व्यालेली काळ्या जातीची मादी. तिथे प्रतीची अटच नाही. मात्सुसाका म्हटलं की ए५ असणारच, असं धरून चालू नका. याच्या अगदी उलट सेंदाई: पाचची प्रत मिळाली तरच सेंदाई हे नाव लावता येतं. हिदाला, म्हणजे गिफू प्रांतातल्या मांसाला, तीनपासून पुढची प्रत चालते. मियाझाकीने मघाच्या त्या राष्ट्रीय स्पर्धेत २००७पासून २०२२पर्यंत सलग चार वेळा पंतप्रधान पुरस्कार मिळवला, तरी त्याचा भाव कोबे-मात्सुसाकापेक्षा उतरता असतो. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी मियाझाकी किंवा कागोशिमाच सुचवतो. नावाचे पैसे वाचतात आणि ताटात कमी काही येत नाही.

भाग आणि पदार्थ

आपल्याकडे अंडरकट म्हणतात तो भाग, जपानी ‘हिरे’, सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. वाग्यूत मात्र मऊपणा सगळीकडेच असतो, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजणं मला पटत नाही. सरलॉइन आणि रिब हे चरबीचे राजे. जपानच्या अन्नघटकांच्या तक्त्यानुसार वाग्यू सरलॉइनच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४७ ग्रॅम चरबी असते आणि प्रथिनं जेमतेम १२. हा आकडा एकदा वाचला की पाव किलोचा स्टेक का जात नाही ते आपोआप कळतं. माणशी ८० ते १०० ग्रॅम पुरे. मागच्या पायाचा म्हणजे रानेचा भाग, ‘मोमो’, यात चरबी अठरा-एकोणीस ग्रॅम, चव भरपूर आणि किंमत बरीच कमी.

ए५ सरलॉइन घ्यायचंच असेल तर पातळ कापांत घ्या. सुकियाकी किंवा शाबु-शाबुसाठी दीड-दोन मिलिमीटरचे काप मिळतात, पाकिटावर ‘सुकियाकी-यो’, ‘शाबु-शाबु-यो’ असं लिहिलेलं असतं. शाबु-शाबुत उकळत्या पाण्यात थोडी चरबी उतरते, पोन्झू या लिंबाळ सोया सॉसचा आंबटपणा उरलेली तोलून धरतो. सुकियाकीत सोया आणि साखर तेच काम करतात. स्टेक करायचा असेल तर चारची प्रत घ्या, किंवा तांबडं वाग्यू शोधा. कुमामोतो आणि कोचीमध्ये वाढणाऱ्या या जातीत जाळं बेताचं असतं आणि मांसाची स्वतःची चव पुढे येते. मटणावर वाढलेल्या आपल्या जिभेला ती लवकर आपलीशी वाटते. खांद्यातला ‘मिसुजी’ आणि कमरेमागचा ‘इचिबो’ हे दोन भाग याकिनिकुसाठी मागून घ्या. जनावरामागे ते थोडेच निघतात.

कमी पैशात खरी चव घ्यायची असेल तर ‘किरिओतोशी’ म्हणजे काप करताना उरलेले तुकडे. आकार वेडावाकडा, जनावर तेच. भाताबरोबर ‘ग्यूदोन’ करायला याहून चांगलं काही नाही. आणि कृपा करून ए५चा रस्सा करू नका. गरम मसाल्यात तो वास हरवतो आणि वर नुसता तवंग येतो. रश्शासाठी पायाची नळी, ‘सुने’, घ्या.

काउंटरवर आणखी काही गोष्टी पाहा. चरबी पांढरी किंवा किंचित दुधाळ, तकतकीत हवी, पिवळट किंवा करडी नको. ताटलीत लाल पाणी साचलेलं नको. ‘काइतो’ लिहिलं असेल तर ते आधी गोठवून मग सोडवलेलं आहे, घरी नेऊन पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका. भाव नेहमी १०० ग्रॅमचा असतो, किलोचा समजून फसू नका. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास सुपरमार्केटात सवलतीचे, कधी निम्म्या किमतीचे स्टिकर लागतात. त्याच रात्री शिजवणार असाल तर ते जरूर घ्या. मांसाच्या फडताळाशेजारी चरबीचे छोटे चौकोन अनेकदा फुकट ठेवलेले असतात. दोन उचला, तेलाऐवजी तेच लागतात.

तव्यावर

गोठवलेलं असेल तर पाकिटासकट रात्रभर फ्रीजमध्ये सोडवा, घाई असेल तर बर्फाच्या पाण्यात. गरम पाण्यात कधीच नाही. शिजवण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा, कागदाने पुसून कोरडं करा, मीठ अगदी आयत्या वेळी लावा.

बिडाचा तवा चांगला तापवा. चरबीचा चौकोन त्यावर फिरवा, मग तुकडा आधी कडेच्या चरबीवर उभा धरा. कड सोनेरी झाली की आडवा टाका. दोन सेंटिमीटर जाडीला प्रत्येक बाजू मिनिट-दीड मिनिट, आणि मधेमधे हलवायचं नाही. इथे एक सांगायला हवं. साध्या बीफचा स्टेक अनेकांना आत जवळजवळ कच्चा आवडतो. दाट जाळ्याच्या वाग्यूत तसा ठेवलात तर आतली चरबी थिजलेल्या तुपासारखी राहते आणि तो वासही सुटत नाही. मधोमध गुलाबी पण पुरतं गरम, इतपत होऊ द्या. मग तीन-चार मिनिटं फळीवर तसंच राहू द्या आणि बोटभर पट्ट्या कापा. मीठ, थोडं वासाबी किंवा किसलेला मुळा, सोबत वाफेचा भात. सॉसच्या बाटल्या टेबलावर आणूच नका.

पहिल्यांदाच घेत असाल तर माझं मत सरळ आहे: मियाझाकी किंवा कागोशिमाचं काळं वाग्यू, प्रत ए४, रानेचा किंवा खांद्याचा सुकियाकीचा काप, माणशी शंभर ग्रॅम. पैसे देण्याआधी दहा आकडे मोबाइलवर टाकून पाहा. सरलॉइन आणि ए५ दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.